हरवलेल्या गावाचा सातबारा

गेल्या दहा-पंधरा वर्षांत ऑनलाइन खेळांच्या जगात एक विलक्षण हळवेपणा पसरला आहे. १९९७ सालचा 'अल्टिमा ऑनलाइन', १९९९ सालचा 'एव्हरक्वेस्ट', २००१ सालचा 'रूनस्केप', २००४ सालचा 'वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट' अशा खेळांत हजारो माणसे एकाच वेळी एका कल्पित देशात शिरत. तेथे कोणी लोहार होई, कोणी योद्धा, कोणी व्यापारी. ती पहिली पिढी आता चाळिशी-पन्नाशीला आली आहे आणि आपल्या तारुण्यातील त्या कल्पित गावांची आठवण काढून उसासे टाकीत आहे. 'तेव्हाचे खेळ खरे, आताची केवळ दुकाने' हा तिचा निष्कर्ष आहे.

हे वाचून एखाद्या कार्यकर्त्याला वाटेल, हा सुखवस्तू देशांतील पोरखेळ. महागाई, बेकारी आणि शेतमालाचे भाव सोडून त्यात लक्ष घालण्याचे कारण काय? आक्षेप प्रामाणिक आहे, परंतु अपुरा आहे. जेथे लक्षावधी माणसे दिवसाचे कित्येक तास घालवितात, जेथे वस्तू निर्माण होतात, बाजार भरतात आणि मजुरीचा दर ठरतो, ते क्षेत्र अर्थकारणाबाहेरचे मानता येत नाही. २०२३ साली मायक्रोसॉफ्टने 'वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट'ची मालक कंपनी ६,८७० कोटी डॉलरच्या व्यवहारात विकत घेतली. भांडवलदार ज्या गोष्टीसाठी एवढी रक्कम मोजतो, ती पोरखेळ आहे असे समजणे हा समाजवाद्यांचा भाबडेपणा ठरेल.

हळवेपणाचे म्हणणे

या स्मरणरंजनाची थट्टा करणे सोपे आहे. त्यामागचे म्हणणे समजून घेणे अधिक महत्त्वाचे. जुन्या खेळाडूंचे म्हणणे थोडक्यात असे: तेव्हाचे खेळ कठीण होते, म्हणून माणसांना माणसांची गरज पडे. एका नगरातून दुसऱ्या नगरात चालत जायला कितीतरी वेळ लागे. 'एव्हरक्वेस्ट'मध्ये मृत्यू आला की अंगावरचे सारे सामान प्रेताजवळ पडून राही आणि ते परत आणण्यासाठी चार ओळखीच्यांची मदत मागावी लागे. बाजारही माणसांनीच वसविला होता. त्या खेळातील एका बोगद्यात खेळाडूंनी आपण होऊन पेठ भरविली. तेथे उभे राहून माल पुकारायचा, घासाघीस करायची, पत सांभाळायची. पुढे डिसेंबर २००१ मध्ये कंपनीने अधिकृत बाजार उघडला आणि विक्रेत्याने जागेवर असण्याचीही गरज उरली नाही. 'रूनस्केप'मध्ये नोव्हेंबर २००७ मध्ये मध्यवर्ती विनिमयगृह आले. 'वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट'मध्ये डिसेंबर २००९ पासून यंत्रच पाच अनोळखी माणसे जमवून देऊ लागले. ती एक शब्दही न बोलता काम उरकतात आणि पुन्हा कधी भेटत नाहीत.

या निरीक्षणात तथ्य आहे. परस्परावलंबन गेले, ओळख गेली, शेजार गेला, हे खरेच घडले. परंतु रोग ओळखला म्हणजे त्याचे कारण ओळखले असे होत नाही. स्मरणरंजन करणारा म्हणतो, पूर्वीची कठीण रचना परत आणा म्हणजे पूर्वीचे गाव परत येईल. येथेच तो फसतो. गाव कोणाच्या मालकीचे होते, हा प्रश्न तो विचारीतच नाही. तो प्रश्न विचारला की या साऱ्या इतिहासाचा अर्थ बदलतो.

सरकारी विद्यापीठात जन्मलेले जग

या खेळांचा उगम कोणत्याही कंपनीत झालेला नाही. १९७८ साली इंग्लंडमधील एसेक्स विद्यापीठात रॉय ट्रबशॉ या विद्यार्थ्याने 'मड' नावाचे एक कल्पित जग रचावयास घेतले आणि १९८० साली ते रिचर्ड बार्टल या दुसऱ्या विद्यार्थ्याच्या हाती सोपविले. 'मड' म्हणजे अनेकांनी एकाच वेळी वावरायचे भुयार. चित्रे नव्हती, सारे शब्दांतच. विद्यापीठ सार्वजनिक पैशाने उभारलेले होते, संगणक विद्यापीठाचा होता, आणि इतर काम नसेल अशा रात्रीच्या वेळी बाहेरच्या लोकांनाही दूरध्वनीच्या तारेवरून आत येऊ दिले जाई.

बार्टल यांनी पुढे अनेकदा सांगितले आहे की या रचनेमागे राजकीय विचार होता. इंग्लंडच्या वर्गव्यवस्थेत जन्म आणि बोलण्याची ढब माणसाची जागा ठरवीत असे. त्याला उत्तर म्हणून त्यांनी असे जग रचले, की जेथे प्रत्येक जण एकाच पायरीवरून आरंभ करतो आणि स्वतःच्या कर्तबगारीने वर चढतो. आज जगातील बहुतेक खेळांत आढळणारी पायऱ्या चढण्याची पद्धत अशा रीतीने जन्मसिद्ध उच्चनीचतेविरुद्धचे एक हत्यार म्हणून वापरली गेली. त्या शिडीला शेवटही होता. सर्वांत वरच्या पायरीवर पोचलेला खेळाडू 'जादूगार' होई. म्हणजे त्याला त्या जगाच्या व्यवस्थेत अधिकार आणि जबाबदारी मिळे.

ही परंपरा विद्यापीठांतूनच वाढली. १९८९ साली अमेरिकेतील कार्नेगी मेलन विद्यापीठात 'टायनीमड' निघाला. त्यात राक्षस मारण्यापेक्षा प्रत्येकाने नव्या जागा बांधण्याला महत्त्व होते. १९९१ साली कोपनहेगन विद्यापीठातील पाच विद्यार्थ्यांनी 'डिकूमड' सर्वांसाठी खुला केला आणि त्याच्या परवान्यात अट घातली की यातून कोणी नफा कमावू नये. १९९० साली झेरॉक्सच्या संशोधन केंद्रात पावेल कर्टिस यांनी उभारलेल्या 'लॅम्डामू'मध्ये तर स्वराज्याचा प्रयोग झाला. १९९२ साली तेथील व्यवस्थापकांनी जाहीर केले, की सामाजिक निर्णयांतून आम्ही बाजूला होत आहोत. पुढे रहिवाशांनी अर्ज करावेत, मतदान करावे आणि कायदे ठरवावेत अशी पद्धत आली.

त्या काळाचे चित्र सोनेरी रंगविण्याचे मात्र कारण नाही. ही जगे विद्यापीठाच्या कुंपणाआतल्या किंवा दूरध्वनीचे बिल परवडणाऱ्या मूठभरांची होती. 'लॅम्डामू'चे स्वराज्यही अडखळले. १९९६ साली व्यवस्थापकांना कारभारात पुन्हा हस्तक्षेप सुरू करावा लागला, कारण यंत्राची किल्ली त्यांच्याच हाती होती आणि निर्णयाचे परिणाम त्यांनाच निस्तरावे लागत होते. जेथे साधनांवर हक्क नाही तेथे मतदानाचा हक्क टिकत नाही, हा धडा समाजवाद्यांना नवा नाही. परंतु त्या जगांत प्रश्न निदान विचारला तरी जात होता. पुढे तो विचारणेच बंद झाले.

मीटर आणि शिडी

कंपन्यांनी या वारशातले काय घेतले आणि काय टाकले, हे पाहण्यासारखे आहे. बांधकामाचे स्वातंत्र्य, रहिवाशांचे कायदे आणि नफ्यास मनाई करणारा परवाना त्यांनी टाकून दिला. घेतली ती फक्त शिडी. 'एव्हरक्वेस्ट'ची रचना 'डिकूमड'शी इतकी मिळतीजुळती होती, की २००० साली तिच्या निर्मात्यांना लेखी निवेदन करावे लागले की 'डिकू'च्या प्रणालीतील मजकूर आम्ही वापरलेला नाही. निवेदन खरेच असेल. पण कायदा मजकुराच्या ओळींना संरक्षण देतो, कल्पनेला देत नाही. जी कल्पना तिच्या जनकांनी नफ्याबाहेर ठेवू पाहिली, ती अशा रीतीने बिनबोभाट नफ्याच्या वाड्यात पोचली.

या शिडीचे पुढे काय झाले ते वसुलीच्या पद्धतीवरून समजते. १९८५ साली 'कॉम्प्युसर्व्ह'वरच्या 'आयलंड ऑफ केस्माय' या खेळासाठी तासाला सहा ते बारा डॉलर मोजावे लागत. १९९० नंतरच्या दशकाच्या उत्तरार्धात महिन्याची ठोक वर्गणी आली. 'अल्टिमा ऑनलाइन'ची ९.९५ डॉलर होती. वसुली महिन्यावर असली की खेळाडूला आणखी एक महिना गुंतवून ठेवणे हेच रचनेचे सूत्र होते. तासन्तास चालणे, एकाच जागी बसून राक्षसाची वाट पाहणे, मेल्यावर आठवड्याची कमाई गमावणे, ज्या कठीणपणाचे आज गोडवे गायले जातात, त्यातला मोठा भाग या हिशेबाला सोयीचा होता. माणसे एकत्र आली ती या कंटाळ्यातून वाट काढण्यासाठी. गिरणीच्या बारा तासांच्या पाळीतही मैत्री जमत असे. म्हणून बारा तासांची पाळी चांगली होती असे कोणी म्हणत नाही.

बार्टल यांच्या शिडीला शेवट होता. कंपनीच्या शिडीला तो परवडणारा नव्हता. 'वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट'मध्ये २००४ साली ६० पायऱ्या होत्या. प्रत्येक नव्या विक्रीय पुरवणीबरोबर त्या वाढत गेल्या आणि २०१८ साली १२० झाल्या. २०२० साली एका फटक्यात त्यांच्या पुन्हा ६० करण्यात आल्या. चलनवाढ हाताबाहेर गेली की सरकारे नोटेवरची शून्ये कापतात, तसाच हा प्रकार. जन्मसिद्ध विषमतेविरुद्ध उभारलेली शिडी धावत्या पट्ट्यासारखी झाली. माणूस चढत राहतो, पोचत कोठेच नाही.

'अल्टिमा ऑनलाइन'च्या एका प्रसंगाचा येथे उल्लेख केला पाहिजे, कारण तो नेहमी चुकीच्या अर्थाने सांगितला जातो. त्याच्या रचनाकारांनी कल्पित निसर्गचक्र योजले होते: हिंस्र पशू लहान प्राण्यांवर जगतील, साधनसंपत्ती मर्यादित राहील. खेळाडू आत शिरले आणि त्यांनी दिसेल ते मारले, मिळेल ते साठविले, चक्र कोसळले. यावरून 'सामाईक मालमत्तेचा नाश अटळ असतो' असा सिद्धान्त मोठ्या समाधानाने मांडला जातो. वस्तुतः तेथे सामाईक मालमत्ता नव्हतीच. चराईचे नियम करायला ना ग्रामसभा होती, ना नियम मोडणाऱ्याला अडविण्याचा रहिवाशांना अधिकार. एलिनॉर ऑस्ट्रॉम यांनी १९९० सालच्या आपल्या ग्रंथात दाखवून दिले, की ज्यांना नियम करण्याचा हक्क असतो ते लोक कुरणे, पाणी आणि जंगले पिढ्यानुपिढ्या सांभाळतात. २००९ साली त्यांना अर्थशास्त्राचे नोबेल मिळाले. 'अल्टिमा'त जे कोसळले ते मालकाच्या जमिनीवर सोडलेल्या बेवारस गर्दीचे वर्तन होते.

राष्ट्र खेळाडूंचे, उत्पन्न मालकाचे

२००१ साली एडवर्ड कॅस्ट्रोनोव्हा या अमेरिकन अर्थशास्त्रज्ञाने 'एव्हरक्वेस्ट'मधील नोराथ या कल्पित देशाचे राष्ट्रीय उत्पन्न मोजले. खेळाडू आपल्या वस्तू लिलावात खऱ्या डॉलरला विकत होते. त्या किमतींवरून दरडोई उत्पन्न २,२६६ डॉलर निघाले, म्हणजे रशियाच्या बरोबरीचे आणि भारत व चीन यांच्याहून कितीतरी अधिक. तासाची कमाई ३.४२ डॉलर भरली. वृत्तपत्रांनी हे गमतीने छापले. पण त्यातील खरी गंमत निराळी होती. या राष्ट्रातील नागरिकाच्या नावावर एक दमडीही नव्हती. प्रवेश करताना त्याने ज्या करारावर संमती दिली होती, त्यानुसार तलवारीपासून घरापर्यंत सारे कंपनीचे. त्याच सुमारास कंपनीने या वस्तूंच्या विक्रीवर बंदीही घातली. कोकणातल्या खोताच्या कुळाला निदान आपण कसतो ती जमीन कोणती हे दाखविता येत होते आणि १९४८ च्या कूळकायद्याने त्याला हक्क मागता आला. नोराथच्या कुळाला सातबाराच नाही.

मोल न देता घेतलेल्या श्रमाचाही हिशेब मांडला पाहिजे. नवख्यांना मदत करणे, भांडणे सोडविणे, गप्पांच्या दालनांवर देखरेख ठेवणे ही कामे त्या 'सुवर्णकाळी' हजारो स्वयंसेवकांनी केली. त्यालाच आज आपुलकी म्हणून आठवले जाते. अमेरिका ऑनलाइन या कंपनीच्या अशा स्वयंसेवकांनी १९९९ साली वेतनासाठी दावा लावला; २०१० साली कंपनीने दीड कोटी डॉलर देऊन तो मिटविला. 'अल्टिमा'च्या स्वयंसेवकांनीही २००० साली तीच वाट धरली होती. आपुलकी खरी होती. तिच्यातून निघालेला नफा मात्र एकाच खिशात गेला.

या उतरंडीच्या तळाशी कोण आहे? २००७ साली प्रसिद्ध झालेल्या वृत्तान्तानुसार नानजिंगमधील तरुण बारा-बारा तासांच्या पाळीत खेळातील सोने गोळा करीत होते आणि त्यांना तासाला सुमारे ३० सेंट मिळत. पाश्चात्त्य खेळाडूच्या हाती पडेपर्यंत त्या सोन्याची किंमत अनेक पटींनी वाढे. २०११ साली चीनमधील कामछावणीतल्या एका माजी कैद्याने इंग्रजी वृत्तपत्राला सांगितले, की दिवसभराच्या सक्तमजुरीनंतर रात्री कैद्यांना हेच काम करावे लागे. पुढे व्हेनेझुएलाचे चलन कोसळले तेव्हा तेथील माणसे 'रूनस्केप'मध्ये राक्षस मारून पोट भरू लागली. २०२१ साली फिलिपीन्समध्ये टाळेबंदीने बेकार झालेल्यांना 'ॲक्सी इन्फिनिटी' या खेळात कमाईचे आमिष मिळाले. खेळण्यासाठी लागणारे कल्पित प्राणी दुसऱ्याकडून बटाईने घ्यायचे आणि उत्पन्नातला वाटा मालकाला द्यायचा, अशी ती पद्धत होती. काही महिन्यांतच त्या चलनाचा भाव कोसळला.

येथे स्मरणरंजनाची काळी बाजू दिसते. 'चिनी सोनेवाल्यांनी आमचा खेळ नासविला' ही तक्रार आजही ऐकू येते. तीस सेंटांवर राबणाऱ्या मजुराला शिव्या देणारा खेळाडू त्या सोन्याचे गिऱ्हाईक कोण होते हे विसरतो. आणि कंपनी? जी विक्री तिने वर्षानुवर्षे गुन्हा ठरविली, तीच २०१५ साली तिने स्वतःच्या हाती घेतली. 'वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट'मध्ये २० डॉलरला एक चकती विकत घेऊन ती सोन्याच्या बदल्यात दुसऱ्या खेळाडूला देता येऊ लागली. त्या दुसऱ्याला तिच्यावर महिनाभर खेळता येते. महिन्याची वर्गणी १५ डॉलर, चकती २०. काळा बाजार मोडला नाही. त्याची मक्तेदारी कंपनीने स्वतःकडे घेतली.

आठवणींची विक्री

शेवटी आठवणच विकाऊ झाली. खेळाडू जुना 'वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट' परत मागत होते, तेव्हा २०१३ साली कंपनीच्या अधिकाऱ्याने जाहीर सभेत उत्तर दिले होते, की तुम्हांला तो हवा आहे असे तुम्हांला केवळ वाटते. हौशी मंडळींनी 'नॉस्टॅल्रियस' या नावाने तो फुकट चालविला, तर २०१६ साली कायद्याची धमकी देऊन तो बंद पाडण्यात आला. निषेधाच्या अर्जावर दोन लाखांहून अधिक सह्या पडल्या. मग ऑगस्ट २०१९ मध्ये कंपनीने तोच जुना खेळ स्वतः, वर्गणी घेऊन, सुरू केला आणि त्या तिमाहीत वर्गणीदारांत खेळाच्या इतिहासातील सर्वांत मोठी वाढ झाल्याचे सांगितले. इच्छा अचानक खरी ठरली, कारण तिची किंमत ठरली.

'रूनस्केप'चे उदाहरण अधिक बोलके आहे. २०१३ साली सुमारे साडेचार लाख मते पडल्यावर २००७ सालची जुनी आवृत्ती पुन्हा उघडली गेली आणि तेथे आजही प्रत्येक महत्त्वाचा बदल खेळाडूंच्या मतदानाला टाकला जातो. आरंभी ७५ टक्के, पुढे ७० टक्के मते अनुकूल पडावी लागतात. हा प्रयोग कौतुकास्पद आहे. परंतु ती कंपनी २०२१ साली एका गुंतवणूकदार संस्थेने घेतली आणि २०२४ साली दुसऱ्या संस्थांना विकली गेली, तेव्हा कोणाचे मत विचारले? तलवार कशी असावी हे गावकऱ्यांनी ठरवायचे. गाव कोणाला विकायचे हे मात्र वाड्यावर ठरते.

मागणी काय असावी?

यावर एक आक्षेप येईल: लक्षावधी लोकांचे जग चालवायला यंत्रे लागतात, भांडवल लागते, विद्यार्थ्यांच्या हौशीवर ते कसे चालावे? आक्षेपाला उत्तर वस्तुस्थितीनेच दिले आहे. 'एव्हरक्वेस्ट'ची जुनी आवृत्ती २००९ पासून स्वयंसेवक चालवीत आहेत आणि २०१५ साली मूळ कंपनीला त्यांच्याशी लेखी करार करावा लागला. २०१२ साली बंद केलेले 'सिटी ऑफ हीरोज' हे जग खेळाडूंनी देणग्यांवर पुन्हा उभे केले. २०२४ साली त्यांना अधिकृत परवाना मिळाला. सहकाराने ही जगे चालतात. उणीव एकच आहे: आज हा परवाना मालकाची मेहेरबानी आहे, हक्क नव्हे.

हक्काची लढाई सुरू झालेली आहे. एका खेळाची यंत्रे २०२४ साली बंद करून विकत घेणाऱ्यांच्या हातातला खेळ निकामी करण्यात आला, तेव्हा युरोपात नागरिकांच्या अर्जाची चळवळ उभी राहिली. जुलै २०२५ पर्यंत तिच्यावर दहा लाखांहून अधिक सह्या झाल्या. दुसरीकडे, जानेवारी २०२४ मध्ये मायक्रोसॉफ्टने आपल्या खेळविभागातील १,९०० नोकऱ्या कापल्या आणि त्याच वर्षी जुलैमध्ये 'वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट' घडविणाऱ्या सुमारे ५०० कामगारांनी आपली संघटना बांधली. या दोन घटना आठवणींच्या शंभर लेखांपेक्षा अधिक मोलाच्या आहेत.

भारतात २०२५ साली संसदेने ऑनलाइन खेळांविषयी कायदा केला. त्याचा रोख पैसे लावून खेळल्या जाणाऱ्या खेळांवर आहे, आणि जुगारात बुडालेली घरे पाहता तो समजण्यासारखा आहे. परंतु जुगार नाही म्हणजे शोषण नाही असे होत नाही. पुढच्या पिढीचा मोकळा वेळ ज्या जगांत जाणार आहे, त्यांच्याविषयी तीन मागण्या तरी स्पष्टपणे मांडल्या पाहिजेत. कंपनीने जग बंद केले, तर ते चालविण्याची साधने रहिवाशांच्या सहकारी संस्थेला मिळालीच पाहिजेत. या जगांत पोटासाठी राबणाऱ्याला, मग तो प्रणाली लिहिणारा असो की देखरेख करणारा, कामगार म्हणून मान्यता मिळाली पाहिजे. आणि जेथून हे सारे सुरू झाले त्या सार्वजनिक विद्यापीठांना अशी जगे रचण्यासाठी, आपापल्या भाषांत रचण्यासाठी, पुन्हा साधने मिळाली पाहिजेत.

ज्यांना त्या जुन्या गावांची आठवण येते त्यांना दोष देण्याचे कारण नाही. शेजार हरवल्याचे दुःख खरे आहे. त्यांना एवढेच सांगायचे, की वाटा पुन्हा लांब केल्याने आणि मृत्यू पुन्हा महाग केल्याने तो शेजार परत येणार नाही. ज्यांनी गाव वसविले त्यांच्या नावावर ते चढत नाही, तोवर प्रत्येक नवे गाव असेच विकले जाईल, असेच बंद होईल, आणि त्याची आठवणही काही वर्षांनी त्यांनाच महिन्याच्या वर्गणीने विकत घ्यावी लागेल.